गोपालनपासून गुकेशपर्यंत

४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर रणजी करंडक स्पर्धेचा पहिला चेंडू टाकला गेला. तो टाकणारे गोलंदाज होते एम. जे. गोपालन. क्रिकेट आणि हॉकी अशा दोन्ही खेळांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्यामागून श्रीनिवासन, व्यंकटराघवन, शिवरामकृष्णन असे भारदस्त नावांचे खेळाडू याच नगरीतून पुढे आले. आज चेन्नईच्या खेळाडूंची नामावली वाचू गेल्यास अश्विन, अभिनव, साई सुदर्शन, गुकेश ही नावे भेटतात. गोपालन मात्र शोधावा लागतो.

हा पालट एकाच घरात पाहावयाचा असेल, तर टेनिसपटू कृष्णन यांचे घराणे घ्यावे. वडील रामनाथन स्वतः टेनिस खेळत. पुत्र कृष्णन यांनी १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत धडक मारली. त्याच १९६१ च्या जून महिन्यात त्यांना मुलगा झाला आणि त्याचे नाव रमेश ठेवण्यात आले. १९७९ साली रमेशने विम्बल्डनचे कुमार विजेतेपद पटकावले. पित्याने ते १९५४ मध्येच मिळविले होते. रामनाथन, कृष्णन, रमेश! खेळ तोच राहिला, पण तिसऱ्या पिढीत नावाच्या शेवटचा तो खास दाक्षिणात्य 'न' गळून पडला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. मैदानावरचे नाव हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाळण्यात ठेवलेले असते. म्हणून संघाची यादी ही एका परीने जुन्या बारशांचीच नोंदवही होय. एखादे नाव क्रीडांगणावर दिसेनासे होते तेव्हा ते घराघरांतून केव्हाच मागे पडलेले असते.

तमिळ भाषेत नातवाला 'पेरन' म्हणतात आणि 'पेर' म्हणजे नाव. आजोबांचे नाव पुढे चालविणारा तो पेरन, अशी या शब्दामागची कल्पना. ही चाल आपल्याकडेही अपरिचित नाही. नातवाला आजोबांचे नाव मिळाले की श्रीनिवासन एक पिढी सोडून पुन्हा घरात येई. पुढे आईबापांना नवे, सुटसुटीत, कोणत्याही प्रांतात सहज उच्चारता येणारे नाव हवेसे वाटू लागले आणि ही साखळी सैल झाली. लांब नावांचे हाल तर आधीपासूनच होते. व्यंकटराघवन जगभर 'वेंकट' म्हणूनच ओळखले गेले.

तमिळ नावात आडनाव बहुधा नसते; पित्याचे नाव किंवा त्याचे आद्याक्षर आधी येते. विश्वनाथन आनंद यांचे स्वतःचे नाव आनंद. परदेशी मंडळींनी पहिला शब्द तेच नाव समजून त्याचा 'विशी' केला आणि बुद्धिबळाचा हा जगज्जेता वडिलांच्या नावाच्या लाडक्या रूपाने प्रसिद्ध झाला! पित्याचे नाव असे पुढे राहत असल्यामुळे जुनी नावे अजून ऐकू तरी येतात. रविचंद्रन अश्विन या जोडीतले रविचंद्रन हे वडील.

महाराष्ट्रातही दत्ताराम हिंदळेकरांच्या काळची नावे ओसरली आणि सुनील, दिलीप, संदीप आले. रमेश तेंडुलकरांनी मुलाचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. २०२४ साली चेन्नईच्या आयपीएल संघाचे नेतृत्व पुण्याच्या ऋतुराजकडे गेले. 'ऋतुराज' हे नाव हिंदळेकरांच्या समवयस्कांना काव्यातलेच वाटले असते.

तथापि जुने नाव अगदीच संपले, असे म्हणणे घाईचे ठरेल. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत तमिळनाडूच्या दोघांनी एकाच वेळी पदार्पण केले. त्यांपैकी चेन्नईच्या सुंदर यांच्या मुलाचे नाव वॉशिंग्टन. पित्याच्या उमेदवारीच्या काळात त्यांना मायेने साहाय्य करणाऱ्या एका निवृत्त सैनिकाचे ते नाव. अमेरिकेशी त्याचा संबंध नाही. दुसरा गोलंदाज सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी या खेड्यातला, आणि त्याचे नाव नटराजन. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक जिंकणारा मरियप्पन हाही सेलम जिल्ह्याचाच. त्याच्या नावात मरिअम्मन ही ग्रामदेवता आहे.