घरच्या सर्व्हरसाठी कोणते यंत्र घ्यावे?

गेल्या मे महिन्यात आमच्या घरची एक डिस्क बंद पडली. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, लोखंडी कपाटावर ती कित्येक वर्षे पडून होती. आदिलाबादचा उन्हाळा आमच्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. त्या खोलीत दुपारी माणूस टिकत नाही, तेथे यंत्र टिकेल अशी समजूत आम्ही का करून घेतली, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. त्या डिस्कवर घरातील तीन लग्ने होती, दोन बाप्तिस्मे होते, आणि आमच्या दिवंगत मातोश्रींच्या आवाजात मुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. फोटो गेले तर आठवणीवर भागवता येते. आवाजाचे तसे नाही. एका दुकानदाराने डिस्क कानाशी धरून हलविली आणि "नवी घ्या" एवढे दोनच शब्द उच्चारले.

पंधरा दिवसांनी किनवटास दिलेल्या आमच्या पुतणीचा फोन आला. "काका, आजीच्या ओव्या माझ्याकडे आहेत. चार वर्षांमागे मी पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते. पाठवू का?"

त्या दिवशी आम्ही ठरविले की घरातील सर्व मोलाची कागदपत्रे, चित्रे आणि ध्वनिमुद्रणे एका ठिकाणी नीट ठेवावयाची. हैदराबादेत नोकरीस असलेला आमचा भाचा या कामात आमचा गुरू झाला. त्याच्याशी वाद घालीत, काही चुका करीत जे शिकलो, ते येथे मांडतो.

सर्व्हर हा शब्द ऐकून कोणी दचकू नये. घरातील सर्वांच्या मोबाइलांना आणि संगणकांना हवी ती वस्तू काढून देणारा, रात्रंदिवस चालू असलेला एक साधा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. त्याला पडदा लागत नाही, कळफलकही एकदा बसवणी झाल्यावर लागत नाही. घरच्या वायफायवर तो चालतो आणि बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी त्याचे बहुतेक काम अडत नाही. आमच्या बाजूस ही गोष्ट लहान नव्हे.

प्रथम आमच्या मनात आले की माळ्यावरचा जुना मोठा संगणक पुन्हा खाली काढावा, म्हणजे खर्च शून्य. भाच्याने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. असा संगणक नुसता बसून राहिला तरी सुमारे ६० वॅट वीज घेतो. दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले तर महिन्याला ४३ युनिट होतात. १० वॅटवर भागणारा लहान संगणक तेवढ्याच काळात सात युनिटांच्या आसपास राहतो. वीजबिल टप्प्याटप्प्याने चढते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना फुकटचे यंत्र महाग कसे पडते ते वेगळे समजावून सांगण्याची जरुरी नाही.

मग पुस्तकाएवढ्या आकाराचे संगणक पाहिले. मोठ्या कचेऱ्या हे संगणक काही वर्षे वापरून विकून टाकतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केला, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांवर रीतसर बसत नाही. त्यामुळे पुष्कळशी धडधाकट यंत्रे कचेऱ्यांना नकोशी झाली. आपल्या कामास त्यांत काही उणे नाही, कारण आपण त्यांवर विंडोज घालणारच नाही. आठ जीबी मेमरी असावी. सोळा मिळाली तर उत्तम. कार्यप्रणालीसाठी आत एक लहान एसएसडी आणि घरच्या संग्रहासाठी वेगळी डिस्क, अशी विभागणी करावी. म्हणजे कार्यप्रणाली बिघडून ती पुन्हा बसवावी लागली तरी संग्रहास हात लागत नाही.

रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक २०१२ साली इंग्लंडात निघाला. वीज फारच थोडी घेतो, म्हणून तोही आम्ही विचारात घेतला. मात्र मेमरी कार्डावर तो वर्षानुवर्षे चालवू नये. सततच्या लिहिण्याने कार्ड झिजते आणि एके दिवशी मुकाट्याने दगा देते. एसएसडी जोडून वापरल्यास तो चांगला.

पडदा फुटलेला जुना लॅपटॉप घरात असेल तर? येथे आमचे आणि भाच्याचे मत जुळले नाही. आमचे म्हणणे असे की लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, लाईन गेली तरी तो दोन-तीन तास तग धरतो, मग वेगळा यूपीएस कशाला? तो म्हणाला, "मामा, चोवीस तास चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी तुमच्या मे महिन्यात फुगते, आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते." आम्ही माघार घेतली. मात्र ज्या लॅपटॉपात बॅटरी शेकडा ८० पर्यंतच भरण्याची मर्यादा घालता येते, जो खोलीत मोकळ्या जागी डोळ्यांसमोर राहतो, तो वापरावयास हरकत नाही असे आम्हांस अजूनही वाटते.

यंत्र कोठे ठेवावे, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात यंत्र कोणते घ्यावे याइतकाच महत्त्वाचा आहे. पत्र्याखाली नको, बंद कपाटात नको, चुलीच्या भिंतीस लागून नको. आतल्या खोलीत, खालच्या बाजूस, वारा खेळेल असे ठेवावे. शिवाय आपल्याकडे वेचणीनंतर भाव चढण्याची वाट पाहत कापूस घरातच साठविण्याची चाल आहे. त्याची तूस हवेत तरंगते आणि यंत्राच्या पंख्यात नमद्यासारखी बसते. आम्ही दोन महिन्यांनी झाकण उघडले तेव्हा आत बोटभर पांढरा थर होता! त्या हंगामात दर महिन्यास झाकण काढून मऊ कुंचल्याने साफ करावे.

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग ओढून काढावा. गंज चढलेल्या अर्थिंगवर कोणी विसंबू नये. एरवी एक लहान यूपीएस पुरे. लाईन गेल्यावर यंत्र आपोआप रीतसर बंद व्हावे अशी व्यवस्था करता येते, आणि ती अवश्य करावी, कारण लिहिता लिहिता वीज गेली म्हणजे डिस्कवरील नोंदी विस्कटण्याचे भय असते.

आता सॉफ्टवेअर. या विषयात सल्ले देणारे फार आणि प्रत्येकाचा सल्ला निराळा. आम्ही डेबियन ही लिनक्सची आवृत्ती पसंत केली. इयन मरडॉक यांनी १९९३ साली तिचा आरंभ केला. ती विनामूल्य आहे, आणि तिच्यात उगाच उलथापालथ होत नाही हा तिचा मोठा गुण. तिच्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट बसविले म्हणजे ब्राउझरमधूनच डिस्का, वाटणी आणि परवानग्या पाहता येतात. भाच्याला एका यंत्रात चार यंत्रे भासविणारे प्रॉक्समॉक्स घालावयाचे होते. त्याच्या हौशीस आमचा विरोध नाही, पण तो हैदराबादेत असताना बिघडलेले आम्हांस दुरुस्त करता आले पाहिजे, ही आमची कसोटी.

नेमलेली कामे मोजकीच ठेवली. मोबाइलमधील फोटो इमिच नावाच्या प्रोग्रामने घरी पोचताच आपोआप उतरतात. गाणी, चित्रपट आणि लग्नांच्या चित्रफिती जेलीफिन दाखविते. पट्टादार पासबुकाच्या प्रती, कापसाच्या पावत्या आणि मुलांची प्रमाणपत्रे एका वाटून दिलेल्या फोल्डरात राहतात. नेक्स्टक्लाउडसारखा मोठा संसार त्यासाठी मांडण्याची आम्हांस गरज वाटली नाही. मुलांसाठी किविक्स घातले. ते संपूर्ण विकिपीडिया डिस्कवर उतरवून घेते आणि इंटरनेटवाचून वाचू देते. आमच्या घरी बोली मराठी, शाळा तेलुगू, बाजार हिंदी. म्हणून दोन्ही विकिपीडिया ठेवले. हे दोन्ही २००३ साली सुरू झाले, मराठी मे महिन्यात आणि तेलुगू डिसेंबरात. सातवीतला मुलगा एकाच विषयावरचे दोन्ही लेख शेजारी लावून वाचतो, हा आम्हांस अनपेक्षित लाभ झाला. घरातील कॅमेऱ्याचे चित्रण मात्र याच यंत्रावर घेऊ नये. ते डिस्क रात्रंदिवस झिजविते.

परगावाहून घरचे फोटो पाहावयाचे असल्यास राउटरची दारे जगास उघडू नयेत. वायरगार्ड किंवा टेलस्केल यांनी घरच्याच माणसांपुरती खासगी वाट काढता येते.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. दोन डिस्का जोडून एकीवरचे दुसरीवर त्याच क्षणी उमटावे, अशी रेड नावाची सोय असते. एक डिस्क मेली तर दुसरी चालते. परंतु चुकून काही पुसले तर दोन्हींवरून पुसले जाते, आणि वीज पडली, चोरी झाली वा घरास आग लागली तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, असा नियम जाणकार सांगतात. आपल्या वाचकांस तो नवा वाटू नये. १९१७ सालच्या कॅनन कायद्यात धर्मगुरूंनी बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांची प्रत दर वर्षअखेर बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवावी असे सांगितले होते. वाळवी लागो की पूर येवो, एका जागची वही गेली तरी नोंद उरावी, हाच त्यातील हेतू.

आमच्या भागातील घरांना दुसरी जागा शोधावी लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. सोयरीक मात्र सीमेस विचारून होत नाही. बहुतेक घरांची एक लेक सीमेपलीकडे असतेच. आम्ही दोन लहान डिस्का घेतल्या. रेस्टिक नावाचा प्रोग्राम संग्रहाची कुलूपबंद प्रत त्यांवर काढतो आणि मागील तारखांच्या प्रतीही सांभाळतो. कुलपाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून घरच्या बायबलमध्ये ठेवला आहे. तो हरवला तर प्रत असून नसल्यासारखी. एक डिस्क आमच्याकडे, दुसरी पुतणीकडे. दर तीन महिन्यांनी कोणीतरी मुदखेडच्या गाडीने किनवटास जातो आणि डिस्का बदलून आणतो. परत आणलेल्या डिस्कवरून एखादी तरी फाइल उघडून पाहतो; न उघडून पाहिलेल्या प्रतीवर आमचा आता विश्वास राहिलेला नाही.

मागील खेपेस पुतणीने डिस्कबरोबर तो जुना पेनड्राइव्हही पाठविला होता. त्यात आम्हांस ठाऊक नसलेली एक ओवी निघाली. शेवटी जाते थांबते आणि मातोश्री कोणास तरी विचारतात, "झालं का रे भरून?" तो आवाज ऐकून घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढील खेप नाताळात आहे.