खुणा कुणाच्या, नावं कुणाची?

सबमिशनचे दिवस आले की हॉस्टेलच्या दोन्ही विंगमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो: "ए, एक्स अ‍ॅक्सिसवर महिन्यांची नावं कशी आणायची गं?" कुणीतरी एका ओळीचं उत्तर देतं. ती ओळ व्हॉट्सअ‍ॅपवरून खोल्याखोल्यांत पोचते आणि सगळ्यांचे ग्राफ छान दिसायला लागतात. छान दिसतात खरे, पण त्यातले काही चक्क खोटं बोलतात!

आपण ग्राफ काढतो ते पायथॉनमधल्या मॅटप्लॉटलिबने. जॉन हंटर नावाच्या न्यूरोबायॉलॉजिस्टने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूचे सिग्नल बघण्यासाठी ते लिहायला घेतलं आणि २००३ मध्ये सर्वांना फुकट देऊन टाकलं. २०१२ मध्ये ते गेले. त्यांचं काम मात्र आपल्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टात आहे. (मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे अ‍ॅक्सिसला 'अक्ष' म्हणताना अडखळते. पण टिकला 'खूण' हा शब्द मला फार आवडलाय, तोच वापरते.)

आता मुद्दा. अ‍ॅक्सिसवर दोन वेगवेगळे कामगार असतात. लोकेटर ठरवतो, खूण कुठे मारायची. फॉर्मॅटर ठरवतो, त्या खुणेखाली काय लिहायचं. हॉस्टेलच्या भाषेत, लोकेटर दरवाजे बसवतो आणि फॉर्मॅटर त्यावर नेमप्लेट लावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती ओळ म्हणजे सेट_एक्सटिकलेबल्स (कोडमध्ये अर्थात इंग्रजी स्मॉल लेटर्स). ती फक्त नेमप्लेट लावते. हातातल्या पाट्या पहिल्या दारापासून ओळीने ठोकत जाते. आत कोण राहतं ते बघत नाही.

उदाहरण घेऊ मुंबईच्या पावसाचं. बारा महिन्यांचे बारा आकडे दिले. पायथॉन शून्यापासून मोजतो, म्हणून जानेवारी ०, जुलै ६, डिसेंबर ११. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून ग्राफ साधारण उणे अर्ध्यापासून साडेअकरापर्यंत दिसतो. लोकेटरला गोल आकडे आवडतात, म्हणून नेहमीच्या साइजच्या ग्राफवर तो दोन-दोनच्या अंतराने खुणा मारतो: उणे २, ०, २, ४, ६, ८, १०, १२. यातली उणे २ ची खूण ग्राफच्या बाहेर पडते, दिसत नाही, पण यादीत ती पहिलीच असते!

मग पाट्या लागतात कशा? 'जानेवारी' त्या न दिसणाऱ्या खुणेवर. ० वर, म्हणजे खऱ्या जानेवारीखाली, 'फेब्रुवारी'. २ वर 'मार्च', तेवढं योगायोगाने बरोबर. ४ वर 'एप्रिल' आणि ६ वर 'मे'. जुलै हा मुंबईचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना, आणि आपला ग्राफ सांगतो की धो धो पाऊस मे महिन्यात पडतो. शेवटची दिसणारी पाटी 'जुलै', तीही नोव्हेंबरच्या खाली. उरलेली नावं गुपचूप गायब.

पाऊस असला तर निदान कुणाच्या तरी लक्षात येईल. पण तिथे मोटरचं तापमान असलं किंवा बीमवरचा लोड असला, तर व्हायवाला समोर बसलेल्या सरांनाही कळायला मार्ग नाही. मॅटप्लॉटलिब एरर देत नाही, फक्त वॉर्निंग देतं. आणि आपल्याकडे फाइलच्या पहिल्याच ओळीत सगळ्या वॉर्निंग बंद करायची पद्धत! ही पद्धत मला तरी अजिबात पटत नाही.

उपाय सोपा आहे. खूण आणि नाव एकदमच द्यायचं: सेट_एक्सटिक्समध्ये आधी जागांची यादी, ० ते ११, आणि मग लेबल्स म्हणून नावांची यादी. २०२१ च्या ३.५ व्हर्जनपासून हे एकाच ओळीत होतं. आता चुकून अकराच नावं दिली तर सरळ एरर येते, आणि ती यायलाच हवी.

बारा नावं एकमेकांवर चढली तर टिक_पॅरम्समध्ये लेबलरोटेशन ४५ द्या. मात्र तिरक्या नावाचा मध्य खुणेखाली राहतो आणि नाव शेजारच्या खुणेचं वाटू शकतं. म्हणून नावाची उजवी कड खुणेला टेकवायची. टिक_पॅरम्स ते करत नाही, लेबलांना वेगळं एचए इज इक्वल टू राइट सांगावं लागतं.

वाय अ‍ॅक्सिसची गंमत निराळी. आकडे दहा लाखांच्या पुढे गेले की फॉर्मॅटर खाली नुसतं २.५ लिहितो आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वन ई सिक्स'. सेमिनार हॉलच्या प्रोजेक्टरवर तो कोपरा कुणाला दिसतोय? पंचवीस लाखांचा खर्च अडीच होऊन बसतो. इथे स्वतःचं छोटं फंक्शन लिहावं. त्याला किंमत आणि खुणेचा नंबर मिळतो, आपण किमतीला एक लाखाने भागून पुढे 'लाख' जोडून परत द्यायचं. हे फंक्शन सेट_मेजर_फॉर्मॅटरला दिलं की झालं. ते प्रत्येक खुणेची खरी किंमत बघून नाव लिहितं, त्यामुळे झूम केलं तरी पाटी चुकत नाही.

'लाख' मराठीतच लिहिलंत तर आधी नुसते चौकोन दिसतील, कारण सोबत येणाऱ्या डेजावू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतो, तो घाला. 'लाख' आणि 'कोटी' नीट येतात. पण आपल्या लॅबमधल्या व्हर्जनला जोडाक्षरं जमत नाहीत: 'शुक्र'चा पाय मोडतो, 'शनि' आणि 'रवि'मधली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, 'मार्च'चा रफार वर चढतच नाही. वारांपुरती एक पळवाट आहे. सो, मं, बु, गु, शु, श, र एवढंच लिहायचं. यात ना जोडाक्षर, ना पहिली वेलांटी. महिन्यांना मात्र सरळ १ ते १२ आकडे द्या.