गठ्ठा मागे, दिवा झाकलेला

भिवंडी-मालेगावात मोटारसायकलवर ताग्यांचा गठ्ठा बांधून निघणारे बांधव रोज दिसतात. गठ्ठ्याने लाल दिवा झाकला की अंधारात मागच्या ट्रकवाल्याला काहीच कळत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही पेटता असतो. पण तो समोरच्यासाठी.

आम्ही कापडवाले, म्हणून कापडाचे सांगतो. भडक पोपटी किंवा नारिंगी फ्लोरोसंट कापड उन्हातल्या अतिनील किरणांनी उजळते. दिवसा उत्तम, रात्री जवळजवळ निकामी. रात्री परावर्तक पट्टीच हवी. तिच्यातले काचेचे बारीक मणी दिव्याचा प्रकाश आल्या दिशेलाच परत पाठवतात. साटीन किंवा जर हे काम करीत नाही, विकणारा काहीही म्हणो! पारख सोपी: अंधारात टॉर्च डोळ्याजवळ धरून दहा-वीस पावलांवरून पाहा, पट्टी पेटल्यासारखी दिसली पाहिजे. धुऊन धुऊन मणी झडतात, म्हणून ही पारख अधूनमधून करावी.

न्यूझीलंडमधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे कपडे वापरणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी आढळला.

अंगावरची पट्टी गठ्ठ्याआड जाते. तेव्हा गठ्ठ्याच्या बारदानावरच मागच्या बाजूला रुंद पट्टी शिवून घ्यावी, दोरीखाली दबणार नाही अशी. लाल दिवा मात्र मोकळाच ठेवावा.