जुनं वॉटर-मेथनॉल किट घेताय? आधी फवारा बघा

ठाणे-डोंबिवलीच्या टर्बोवाल्यांसाठी. मे महिन्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर तापतो, ईसीयू इग्निशनचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी मरगळते. तापलेल्या हवेत पाणी-मेथनॉलचा बारीक फवारा मारला की बाष्पीभवनाने हवा थंड होते, नॉकिंग टळतं. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये ही सोय कंपनीच द्यायची!

सेकंडहँड किटमध्ये आधी जातो पंपाचा डायफ्रॅम. किट गाडीला लावण्याआधी बाटलीत फवारून बघा: धुकं हवं, थेंब नकोत. नोझल आणि फिल्टर नवेच घ्या. नोझल इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या आधी. चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर पंप बंद असतानाही पाणी आत झिरपतं, म्हणून तोही बदला. प्रेशर स्विच असा लावा की बूस्ट चढल्यावरच पंप सुरू होईल. बोअरचं पाणी चुकूनही नको. क्षारांनी नोझल बुजतं. डिस्टिल्डच वापरा.

मेथनॉल? मी तरी नुसत्या पाण्यावर थांबेन. २०१५च्या मालवणी दारूकांडात शंभराच्या आसपास बळी घेतले ते मेथनॉलनेच. शिवाय त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही.

आणि टाकी रिकामी होताच बूस्ट उतरवणारा फेलसेफ नसेल, तर ट्यून वाढवूच नका.