दिवे लुकलुकतात, दोष कुणाचा?

हॉलच्या छतातले बारा व्होल्टचे हॅलोजन काढून एलईडी बसवले, आणि डिमर कमी केला की दिवे लुकलुकतात! अशी तक्रार घेऊन मैत्रिणी आल्या की मी आधी बेरीज करायला लावते. ५० वॅटचे चार हॅलोजन म्हणजे २००. पाच वॅटचे चार एलईडी म्हणजे जेमतेम २०. जुन्या डिमरला, ट्रान्सफॉर्मरला एवढा लोड पुरतच नाही. उगाच दुकानदाराशी भांडू नका. वायरमनला एक जुना हॅलोजन परत लावून बघायला सांगा. लुकलुक थांबली, तर बल्ब चांगलेच आहेत. मग एलईडीचा डिमर, जुळणारा ड्रायव्हर घ्यावा लागतो. बल्बच्या खोक्यावरही ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं. डिमर कोमट लागला तर चालेल, पण जळका वास आला तर बाई, आधी मेन स्विच बंद! पंख्याचा रेग्युलेटर दिव्यांना जोडून देणारे महाभागही भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.