एक राज्य, दोन लढे

जुलमी सत्तेविरुद्ध सारी प्रजा एकदिलाने उठते, असे आपण गृहीत धरतो. इतिहासाचा दाखला वेगळा आहे. १९४१ च्या एप्रिलात जर्मनीने युगोस्लाव्हिया पादाक्रांत केला. टिटोचे कम्युनिस्ट आणि मिहाइलोविचचे राजनिष्ठ सैनिक, दोघेही प्रतिकाराला उभे राहिले. परंतु वर्ष संपण्याच्या आत ते एकमेकांशीच लढू लागले. असे का व्हावे, हे समजून घेण्यास नांदेडकरांना युरोपात जाण्याचे कारण नाही.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी, कानडी व उर्दू बोलणारी प्रजा नांदत होती. राजकीय जागृतीही भाषावार झाली. तेलंगणात आंध्र महासभा होती. आपल्याकडे १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाच आर्य समाज व हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह चालू होता. जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीला जातीय रंग चढू नये, म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने आपला लढा थांबविला.

१९४७ साली प्रश्न तीव्र झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा प्रश्न होता, सत्ता कोणाची? तिने भारतात विलीनीकरण मागितले, सरहद्दीपलीकडे केंद्रे उभारली. ३० जानेवारी १९४८ रोजी आपल्या जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली गेली, ती लढ्याच्या खर्चासाठी. नळगोंडा-वरंगळकडील कम्युनिस्टांचा प्रश्न निराळा होता: जमीन कोणाची? तेथील कूळ देशमुखाच्या वेठीखाली पिचले होते. १९४६ साली कडवेंडीस दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला आणि तो लढा पेटला. लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार दोघांचेही शत्रू होते. परंतु शत्रू एक असला, म्हणजे ध्येय एक होत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. पहिला प्रश्न सुटला. दुसरा सुटला नाही, म्हणून तेलंगणातील बंदुका १९५१ च्या ऑक्टोबरपर्यंत शांत झाल्या नाहीत. आता त्या भारत सरकारच्या फौजेवर रोखलेल्या होत्या.

मुक्तीची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. रझाकारांविरुद्ध लिहिणारे संपादक शोएबुल्लाखान मुसलमानच होते. १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. तरीही पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला तो निरपराध मुसलमानांवर. सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले नांदेड होते; लातूर ज्यात मोडे, ते उस्मानाबादही होते.

१९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे झाले, आणि आठवणींचेही झाले. आम्ही स्वामीजींना स्मरतो, तेलंगण कोमरय्याला स्मरतो, आणि सुडात मेलेल्यांना फक्त त्यांची घरे स्मरतात. येत्या १७ सप्टेंबरला झेंड्यापुढे उभे राहताना या तिन्ही आठवणी एकत्र आणता आल्या, तरच मुक्तिसंग्राम आपल्याला पुरता समजला असे म्हणता येईल.