बुरशीवर बुरशी

मिरचीचे बी गादीवाफ्यावर टाकल्यानंतर आठव्या-दहाव्या दिवशी जमिनीवर जी कोवळी हिरवी लव उठते, ती पाहून ज्याचे मन निवत नाही असा भाजीवाला शेतकरी विरळाच. आणि चार दिवसांच्या झिमझिमीनंतर एखाद्या सकाळी त्याच लवेत टक्कल पडल्यासारखा डाग दिसावा, उकिडवे बसून न्याहाळावे तो रोपांचे शेंडे अजून हिरवे, पण जमिनीलगतच्या माना पाणी भरून, पिचून, सुतासारख्या बारीक होऊन आडव्या पडलेल्या आढळाव्यात, हा अनुभवही त्यास बहुधा चुकलेला नसतो. यालाच रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजारियम अशी या अपराध्यांची नावे असून ते वर्षानुवर्षे मातीतच मुक्काम ठोकून असतात. (पिथियमची गणना हल्लीचे शास्त्रज्ञ खऱ्या बुरशांत करीत नाहीत, शेतकऱ्याच्या दफ्तरी मात्र तिची नोंद बुरशी अशीच आहे.)

या उपद्रवाचा बंदोबस्त करणारी दुसरी एक बुरशी त्याच मातीत नांदत असते. ट्रायकोडर्मा हे तिचे नाव 1794 पासून वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत आहे. परंतु ती रायझोक्टोनियासारख्या अन्य बुरशांवर उपजीविका करते, हे वाइंडलिंग या संशोधकाने प्रसिद्ध केले ते 1932 साली, म्हणजे नाव मिळाल्यानंतर तब्बल 138 वर्षांनी. ट्रायकोडर्माचा तंतू शत्रूच्या तंतूकडे वळतो, वेल काठीला वेढावी तसा त्याला विळखे घालतो, आणि कायटिनेस, ग्लुकानेस अशी पाचक द्रव्ये सोडून त्याची भित्तिका विरघळवीत आतला ऐवज शोषून घेतो. शिवाय मुळांभोवतालची जागा आणि अन्न तो आधीच अडवून बसतो, आणि त्याच्या सहवासाने रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागृत होते.

हा सर्व व्यवहार सजीवाचा आहे, ही गोष्ट दुकानातून पाकीट आणताना आपण विसरतो. मीही विसरलो होतो. एका पावसाळ्यात टोमॅटोच्या वाफ्यावर ट्रायकोडर्माची आळवणी केली, आणि मनाला धीर नाही म्हणून तिसऱ्याच दिवशी वर कार्बेन्डाझिमचे पाणी ओतले. म्हणजे राखणदार ठेवायचा आणि रात्री त्याच्याच अंगावर कुत्रे सोडायचे, असा तो प्रकार झाला. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मास अत्यंत घातक आहे, हे पुढे एका जाणत्या रोपवाटिकावाल्याने सांगितले तेव्हा ओशाळण्यापलीकडे इलाज उरला नाही.

त्याच गृहस्थाने मला आपले शेणखत दाखविले. मुरलेल्या खताच्या ढिगात शंभर किलोंस अडीच किलो या हिशेबाने भुकटी कालवून, बेताचे पाणी शिंपडून, वर ओले गोणपाट टाकून त्याने तो ढीग झाडाच्या सावलीत ठेवला होता. आठवड्याने गोणपाट उचलले तेव्हा काळ्या खतावर प्रथम पांढरी जाळी आणि जाळीवर शेवाळी-हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले, आणि नाकाशी चक्क खोबऱ्याचा वास आला. ट्रायकोडर्माच्या काही जाती असा गंध सोडतात, हे मी वाचले होते. पण उकिरड्याच्या ऐवजात तो असा दरवळेल याची कल्पना नव्हती. एवढे खत एका एकरास पुरते. बियाण्यास किलोमागे चार-पाच ग्रॅम भुकटी चोळावी, आणि लागणीच्या वेळी लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कालवून त्यात रोपांची मुळे बुडवून घ्यावी, हाही शिरस्ता आहे. मात्र पाकिटावरची मुदत पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. कारण ग्रॅममागे निदान वीस लक्ष जिवंत घटक असावेत असा दंडक असला, तरी पत्र्याखाली तापलेल्या फळीवर उन्हाळा काढलेल्या पाकिटात त्यांतले किती हयात असतील, याचा जामीन कोण राहणार? शेतातही ओल आणि सेंद्रिय अन्न नसेल तर या पाहुण्याचा मुक्काम लांबत नाही.

मायकोरायझाची गोष्ट निराळी. 1885 मध्ये फ्रांक या जर्मन वनस्पतिज्ञाने हे नाव योजिले ते वृक्षांच्या मुळांवरील बुरशीसाठी. भाज्यांच्या मुळांत जी जात शिरते ती पेशींच्या आत झाडासारख्या सूक्ष्म शाखा पसरून मुळांच्या आवाक्याबाहेरचा स्फुरद पिकास पोचविते आणि मोबदल्यात शर्करा घेते. कांद्यासारख्या जाड व विरळ मुळांच्या पिकास तिचा विशेष उपयोग. स्फुरदाची खते भरमसाट टाकली, की पीक ही भागीदारी आपोआप आखडती घेते. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही मंडळी, तसेच पालक आणि बीटही, तिला मुळी दारातच उभे करीत नाहीत. तरी कोबीच्या प्लॉटसाठी मायकोरायझाची पाकिटे हौसेने नेणारे लोक मी पाहिले आहेत.

ट्रायकोडर्माची ही स्तुती सर्वांनाच रुचते असे नाही. आमचे एक शेजारी धिंगरी अळिंबीची लागवड करतात. ट्रायकोडर्मा त्यांच्या भुशाच्या पिशव्यांत शिरला, की पांढऱ्या वाढीवर हिरवा डाग पसरून सारा माल नासतो. मी खताच्या ढिगाकडून आलो असल्याचा सुगावा लागला, तर ते मला ओसरीवर चहा देतात, शेडमध्ये नेत नाहीत.